तिघांचं एकत्र

"सही कर आणि मोकळी हो," निगुडकर सर म्हणाले. "डॉक्टर चौबळांचा सकाळपासून सारखा फोन येतोय."

अहवाल माझ्यासमोर होता. एकच पान. मधोमध ठळक अक्षरांत निष्कर्ष: गर्भाला थॅलसेमिया मेजर. तळाशी माझं नाव, डॉ. उल्का राजहंस, वैज्ञानिक संचालक, आणि त्यावर सहीपुरती कोरी जागा. पुण्याच्या 'बीजांक' या जनुकीय तपासण्यांच्या कंपनीत त्या पदावर येऊन मला महिनाही झाला नव्हता. त्याआधी अशा अहवालांवर सरांची सही असायची. कंपनी त्यांची, शून्यातून उभी केली त्यांनी, आणि मला हैदराबादहून बोलावून घेतलं तेही त्यांनीच. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्या मते सगळ्यांत हट्टी.

थॅलसेमिया मेजर म्हणजे अंगात धड रक्तच तयार न होणं. दर महिन्याला बाहेरचं रक्त चढवायचं, तेही जन्मभर. आई-बाप दोघंही 'मायनर' असले, म्हणजे दोघांच्याही त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली, तरी ते स्वतः ठणठणीत असतात. पण दोघांच्या बिघडलेल्या प्रती बाळाकडे गेल्या, की बाळ मेजर. करमाळ्याच्या कांचन आणि भागवत ढवळे यांची पहिली मुलगी अशीच जन्मली होती. आता दुसऱ्या खेपेला कांचनच्या पोटातलं पाणी काढून आमच्याकडे तपासायला आलं होतं, आणि अहवाल वाईट आला तर गर्भ ठेवायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं. तेव्हा कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. कांचनचे वीस आठवडे शनिवारी भरत होते. तो दिवस गुरुवारचा.

मी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"सर, आई-बाबांचं कुठाय?"

"त्यांचं काय?"

"त्यांचे नमुने. बाळाबरोबर लावलेले."

"मुलीच्या वेळी दोघांची तपासणी झालीय. दोघंही मायनर. जुना रिपोर्ट फाइलला आहे, दिसत नाही का?"

"तो जुन्या पद्धतीनं केलेला. बाळाचं नव्या किटवर केलंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॉलेजात असताना आम्हाला या चष्म्याची धास्ती असायची. तो टेबलावर आला की आता आपली सालं निघणार, हे ठरलेलं.

"तपासणी दोनदा केली, उल्का. दोन्ही वेळा उत्तर तेच."

"त्याच किटवर दोनदा केली. किट चुकत असेल तर दोनदाही चुकेल, दहादाही चुकेल."

"चुकतंय असं वाटण्यासारखं काय दिसलं तुला?"

काहीच नाही. तेच तर अवघड होतं. पडद्यावरचं चित्र स्वच्छ होतं, नमुना चांगला होता, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

"तिघांना एकत्र बसवल्याशिवाय बाळाबद्दल तोंड उघडायचं नाही," मी म्हणाले. "हे कोण सांगायचं आम्हाला?"

सर टेबलावरचा चष्मा पुसायला लागले. सांगायचे तेच. तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला आमची प्रयोगशाळा होती, एका जुन्या गोदामात. तिथे सरांचा एकच कायदा चालायचा: आई, बाप आणि बाळ यांच्या नळ्या शेजारी शेजारी, एकाच दिवशी, एकाच रसायनात, एकाच यंत्रात. एकदा मी बापाची नळी लावायला विसरले तर त्यांनी माझं सगळ्या दिवसाचं काम बेसिनमध्ये ओतायला लावलं होतं. मी जिन्यात बसून रडले होते आणि मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या होत्या.

"तेव्हाची गोष्ट वेगळी," सर म्हणाले. आवाज उतरला होता. "रसायनं आपण हातानं कालवायचो. रोज धाकधूक. आता किट तयार येतं, पारखून येतं. करमाळ्याहून माणसं येणार, बाई गरोदर, घरी आजारी पोर. आधीच झालेल्या तपासणीसाठी पुन्हा त्यांना प्रवास, पुन्हा सुई? मी ते त्यांच्या सोयीसाठी बंद केलं. दुसरं काही कारण नव्हतं."

मला ते पटत होतं. सर कामचुकार माणूस नव्हते, लोभी तर मुळीच नव्हते. समोर एखादा लबाड मालक असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तेवढ्यात परत फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"निगुडकर, काय ते एकदा सांगा हो," डॉ. चौबळ म्हणाल्या. बाई कडक, पण पेशंटसाठी जीव टाकणाऱ्या. "माणसं पुण्यातच आहेत, हडपसरला मावशीकडे उतरलीत. उद्या संध्याकाळी मला तिला भरती करून घ्यायलाच हवं. शनिवार उलटला की मी हात लावू शकत नाही, माहितीय ना?"

"बाई, मी उल्का राजहंस. मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. आणि नवरा-बायको दोघांना आज इकडे पाठवा. रक्त हवंय."

"का? काही शंका आहे?"

सर माझ्याकडे बघत होते.

"शंका नाही. सवय आहे."

"सवय?" बाईंचा आवाज चढला. "तुमच्या सवयीपायी माझ्या पेशंटची मुदत गेली तर मी तुम्हाला सोडणार नाही हो, सांगून ठेवते."

फोन बंद झाला. सरांनी अहवालाचं पान माझ्याकडून ओढून घेतलं, मग परत माझ्यासमोर सरकवलं.

"मी स्वतः सही करू शकतो," ते म्हणाले. "अजून माझी सही चालते."

"चालते. मग मला बोलावलंत कशाला?"

"उद्या यंत्र बंद पडलं तर? नमुना वाया गेला तर? आणि शेवटी उत्तर तेच निघालं, पण शनिवार हातचा गेला तर? त्या घरात दुसरं मूल जन्मभर सुया टोचून घेईल. तोंड दाखवशील का त्यांना?"

"नाही दाखवू शकणार," मी म्हणाले. "पण हे पान मी आज पाठवणार नाही."

सर उठले आणि दार न लोटताच निघून गेले. त्यांनी सही केली नाही, एवढंच मला कळलं.

ढवळे दुपारी आले. आमची लिफ्ट नेहमीप्रमाणे रुसलेली होती, त्यामुळे कांचन जिन्यावर दर वळणाला थांबत वर पोचली. सावळी, बारीक, डोळ्यांखाली काळं. मागून भागवत. आडव्या बांध्याचा, पांढरा सदरा, हाताला पाइपांचे घट्टे. दोघा भावांचा मांडव घालायचा धंदा होता. लग्न, वास्तुशांत, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे ढवळे मंडप.

मी दोघांचं रक्त स्वतः काढलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते जाऊ द्यायला माझं मन तयार नव्हतं.

"मॅडम, खरं सांगा," कांचन म्हणाली. दंडावरचा कापूस तिनं घट्ट धरला होता. "रिपोर्ट आलाय ना? वंगाळ हाय म्हणून बोलावलं ना आमाला?"

"अजून पूर्ण झालेला नाही. उद्या सांगते."

"उद्या, उद्या. नीट नसंल तर मी न्हाई आणणार त्याला. थोरलीचे, ईश्वरीचे हाल बघितल्यात मी. शीर घावत न्हाई तिची, तळपायाला सुई लावत्यात. ती माझ्याकडं बघती, मी भिंतीकडं." ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पर आता हालतंय मॅडम आत. परवापासनं. येक येक दिवस कसा काढायचा, सांगा तुमी."

'काढा,' असं काहीतरी म्हणाले असेन. ते आठवलं की अजून लाज वाटते.

"ईश्वरी कुणाकडे आहे?" मी विषय बदलला.

"प्रतिभाकडं," भागवतनं सांगितलं. "हिची धाकटी भन. माझ्या धाकट्याची, अंकुशची बायको. दोघी भनी दोघा भावांना, आमच्या मामाच्याच पोरी. येकाच मांडवात लग्नं झाली आमची. मांडव बी घरचाच!" त्याला जरा हसू आलं आणि लगेच गेलं. "प्रतिभाला बी मदी बरं नव्हतं. पर पोरीला लई जीव लावती."

मामाच्या मुली म्हटल्यावर एक गोष्ट उलगडली. एकच बिघाड नवऱ्यातही आणि बायकोतही कसा, हे. दुसरी गोष्ट त्याच वाक्यात होती. ती मला तेव्हा ऐकू आली नाही.

रक्तातून जनुकीय द्रव्य वेगळं काढलं, नव्या किटमध्ये घातलं आणि संध्याकाळी यंत्र लावून घरी गेले. झोप कसली येते! सरांचं 'तोंड दाखवशील का' एकसारखं कानात वाजत होतं.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा ढवळे दाम्पत्य आधीच येऊन बसलं होतं. कांचन बाकावर भिंतीला टेकून डोळे मिटून होती. भागवतला बसवत नव्हतं. खाली शुद्ध पाण्याचे कॅन आले होते आणि लिफ्ट बंद म्हणून आमची मंडळी डोक्याला हात लावून उभी होती. तो कुणालाही न विचारता खाली गेला आणि एकेका खांद्यावर एकेक कॅन टाकून वर यायला लागला. नको नको म्हणत आमचे लोक मागे धावत होते. "बसून जीव जातोय माझा," एवढंच तो म्हणायचा आणि परत उतरायचा.

आत यंत्राशी आमची तंत्रज्ञ शलाका होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दार उघडलं, मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. न बघताच कळलं की सर आहेत.

"लाव," मी शलाकाला म्हणाले.

आधी कांचनचं आलं. एक प्रत चांगली, एक बिघडलेली. मायनर. असायला हवं तेच. हे किट बरोबर चाललंय, मी उगाच एक दिवस खाल्ला, असं वाटून गेलं.

मग भागवतचं.

शलाकानं माऊस हलवला, चित्र मोठं केलं, परत लहान केलं. "मॅडम, हे काय?"

पडद्यावर फक्त बिघडलेली प्रत होती. चांगल्या प्रतीचा पत्ताच नव्हता. बाळाचं जसं आलं होतं, तंतोतंत तसंच. निष्कर्षाच्या चौकटीत यंत्रानं आपणहून लिहिलं होतं: थॅलसेमिया मेजर.

"नमुने बदलले असतील," सर मागून म्हणाले.

"मी काढलेत. मीच चिठ्ठ्या लावल्यात."

"मग..."

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. आमच्या खोलीला पॅसेजच्या बाजूनं काच आहे. काचेपलीकडून भागवत ढवळे चालला होता, दोन्ही खांद्यांवर पाण्याचे कॅन, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. यंत्राच्या हिशेबानं हा माणूस लहानपणापासून दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त घेऊन कसाबसा जगत होता.

कुणी हसलं नाही. शलाकानं तोंडावर हात ठेवला. सरांनी खुर्ची ओढली आणि ते जपून, आधार घेत बसले. इतके म्हातारे ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

"चिकटत नाहीये," ते म्हणाले. "त्याच्या चांगल्या प्रतीला किट चिकटतच नाहीये."

किटमधलं रसायन जनुकाच्या एका ठरावीक जागेला चिकटतं आणि तिथून पुढचा मजकूर वाचतं. एखाद्या घराण्यात नेमकी त्या जागेवर एखादं अक्षर वेगळं असलं, तर रसायन चिकटत नाही आणि ती अख्खी प्रत वाचायचीच राहून जाते. शिरगणतीला आलेल्यानं कुलूप बघून घरात कुणी राहतच नाही असं लिहून पुढे जावं, तसं. बापाची चांगली प्रत वाचली गेली नाही. ती बाळाकडे आली असेल तर बाळाचीही वाचली गेली नव्हती.

"'असेल तर' म्हणू नकोस," सरांनी मला तोडलं. मी मोठ्यानं विचार करत होते बहुतेक. "अजून काही सिद्ध झालेलं नाही. आपल्या हातात काय आहे? एक खोटं पडलेलं किट. बाळाचं उत्तर अजून नाही. जुनी रसायनं?"

"फ्रीजरमध्ये आहेत," शलाका म्हणाली.

"काढ. तिघांचं लावायचं. मला हातमोजे दे."

"सर, मी करते," मी म्हणाले.

"तू चौबळांना फोन कर. शिव्या खा थोड्या."

मी फोन केला. शिव्या खाल्ल्या. डॉ. चौबळ शेवटी म्हणाल्या, "पाच वाजता मला हो किंवा नाही यातलं एक सांगायचं. बघतो, करतो, चालणार नाही." मी परत आले तेव्हा सर पंख्याखालच्या जुन्या टेबलाशी वाकून उभे होते. किती तरी वर्षांनी त्यांच्या हातात पिपेट बघत होते मी. हात आता थरथरायचा, म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. समोर तीन नळ्या शेजारी शेजारी. आई, बाप, बाळ. मी पुढे होऊन मदत केली नाही. त्यांना ती नको होती, हे दिसत होतं.

दुपार सरता सरता उत्तर आलं. आई मायनर. बाप मायनर. बाळ मायनर. बाळाला आईची बिघडलेली प्रत आली होती आणि बापाची चांगली. खात्रीसाठी तोच भाग आम्ही आणखी एका पद्धतीनं वाचला. तेच. बाळ त्याच्या आई-बापाइतकंच निरोगी होतं.

मी डॉ. चौबळांना 'नाही' कळवलं. "नाही म्हणजे?" त्या ओरडल्या. "म्हणजे भरती करायची नाही," मी म्हणाले. बाईंनी पलीकडे कुणाला तरी खाट मोकळी करायला सांगितलं.

कांचन आणि भागवतला मी माझ्या खोलीत बसवलं. सर आले नाहीत आत, दारात चौकटीला हात लावून उभे राहिले. मी आधी एवढंच सांगितलं, की बाळ चांगलं आहे. कांचनला ते कळायला वेळ लागला. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि दोन्ही हात पोटावर दाबून गदगदा रडायला लागली. भागवत मात्र माझ्याकडेच बघत होता.

"मग काल का न्हाई सांगितलं? काल काय होतं?"

लपवायचं नाही हे मी फोन ठेवतानाच ठरवलं होतं. "काल आमच्या यंत्रानं चुकीचं सांगितलं होतं. मेजर आहे म्हणून. तुमच्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे. त्यानं तुम्हाला काही होत नाही, पण आमचं नवं किट तिथे फसतं. तुमची चांगली बाजू त्याला दिसतच नाही. बाळाला तीच चांगली बाजू आलीय."

"माझ्यात कुठनं आलं ते?"

"बिघाड आईकडून आला असणार, मामाच्या घरातला. मग हे अक्षर तुमच्या वडिलांकडून."

तो मान हलवत राहिला. मला वाटलं, समजून घेतोय. मग त्याची मान थांबली.

"म्हंजी अंकुशला बी आलं आसंल," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत कांचनचं रडणं थांबलं. पदर तोंडातच होता.

"प्रतिभाचं बी हितंच केलं होतं, मॅडम. मीच पाठवलं होतं त्यांला. हितं चांगलं करत्यात म्हणून." भागवतचा आवाज अगदी खाली गेला. "मेजर हाय म्हणाले. मागच्या दिवाळीच्या आधी. पोट खाली केलं तिनं."

मी दाराकडे बघितलं. सरांचा चौकटीवरचा हात तसाच होता. त्या अहवालावर माझी सही नव्हती. मी तेव्हा हैदराबादला होते.

आम्ही तपासलेला प्रत्येक नमुना गोठवून ठेवतो. प्रतिभा अंकुश ढवळे, तेही होतं. ते सरांनी स्वतः काढलं आणि जुन्या रसायनांत स्वतःच लावलं. मी शेजारी बसले होते. बाळ मायनर होतं.

रविवारी आम्ही करमाळ्याला गेलो. मी म्हणाले होते की मी एकटी जाते, संचालक मी आहे. सर म्हणाले, "सही माझी होती," आणि गाडीत जाऊन बसले. भिगवण मागे पडलं तरी त्यांनी खिडकीवरची नजर काढली नव्हती.

घरापुढे पत्र्याची मोठी शेड, त्यात लोखंडी पाइपांच्या चळती आणि घड्या घातलेल्या रंगीत कनाती. भागवतनं भावाला काही सांगितलं नव्हतं. 'तुमीच सांगा,' म्हणाला होता. अंकुश भावासारखाच, जरा उंच. प्रतिभाच्या मांडीवर ईश्वरी होती, फिकट, मोठ्या डोळ्यांची, चिवडा खात बसलेली. प्रतिभानं पाणी आणलं, चहाला उठली तर सर नको म्हणाले. ते बसलेही नाहीत.

"मी डॉक्टर निगुडकर," ते म्हणाले. "तुमचा रिपोर्ट मी दिला होता. तो चुकीचा होता. तुमचं बाळ मेजर नव्हतं. तुमच्यासारखंच होतं, चांगलं. तुमच्या यजमानांचा नमुना बाळाबरोबर लावला असता तर मला तेव्हाच कळलं असतं. मी लावला नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

एवढंच. मला वाटलं होतं ते किट समजावून सांगतील, अक्षर, घराणं, काहीतरी. त्यांनी त्यातलं काहीही सांगितलं नाही.

अंकुश उठला. मला वाटलं आता हा हात उचलणार, आणि उचलला तर मी मध्ये पडणार नव्हते. पण तो सरांच्या बाजूनं निघून शेडमध्ये गेला. मग तिकडून पाइप टेम्पोत टाकल्याचा आवाज यायला लागला. एक पाइप, मग दुसरा, मग तिसरा. ईश्वरी दचकली तशी प्रतिभानं तिचे कान तळहातांनी झाकले.

"रडू नका तुमी," ती सरांना म्हणाली. सर रडत होते हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं, मी त्यांच्या मागे उभी होते. "रडून काय व्हतंय? मी लई रडले." तिनं ईश्वरीच्या तोंडाला लागलेला चिवडा पुसला. "येकच सांगा. मला परत दिवस राहिले तर मी आता कुनाकडं जायचं? कुनाचं खरं मानायचं?"

बाहेर पाइप वाजतच होते.

"कुणाचंच नाही," ते म्हणाले. "माझं तर नाहीच. कुठेही जा, पण रक्त द्यायच्या आधी एक विचारायचं. तिघांचं एकत्र बघता का? माझं, ह्यांचं आणि बाळाचं, एका दिवशी, एका यंत्रात? नाही म्हणाले तर उठून यायचं. कितीही मोठा डॉक्टर असला तरी उठून यायचं."

तिनं ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं.

ते किट आम्ही सोमवारीच बंद केलं. त्यावर दिलेला प्रत्येक अहवाल पुन्हा तपासला. बाकीचे बरोबर निघाले. चुकलेला एकच. त्याच वर्षी सरांनी कंपनीतून अंग काढून घेतलं. मी अडवलं नाही. कांचनला मुलगा झाला. पेढे द्यायला भागवत स्वतः आला होता, लिफ्ट चालू असताना जिन्यानं. प्रतिभा आमच्याकडे परत कधीच आली नाही. तिनं यायला हवं होतं असं मला कधी वाटलंही नाही.

यंदा उन्हाळ्यात काउंटरवरची मुलगी कंटाळून माझ्या खोलीत आली. "मॅडम, बार्शीचं एक जोडपं आहे. बाई रक्तच देत नाहीयेत. म्हणतात, आधी सांगा, तिघांचं एकत्र बघता का. हल्ली तिकडून जो येतो तो हेच विचारतो. कुणी शिकवून पाठवतं की काय?"

मी बाहेर आले. विशीतली मुलगी होती, हात घट्ट पाठीमागे बांधून उभी. नवरा ओशाळून तिला गप्प करत होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे विचारायला?" मी विचारलं.

"करमाळ्याच्या येक ताई हायेत. मांडववाल्या," ती म्हणाली. "त्या म्हणल्या, न्हाई म्हणाले तर उठून यायचं."

हात तिनं अजून पुढे केला नव्हता. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.